रिकामी गाडी उडते

भाद्रपद आला की आमच्या देवबागात गाड्यांचे आवाज बदलतात. वैशाखात सगळ्या गाड्या एकसारख्या जातात, सूं करून. पावसाने तीन महिने रस्त्याची साल काढली की मग एकेकीचं अंतरंग बाहेर येतं. माशांचा टेम्पो खडाखडा स्प्रिंगांचे पाटे वाजवत येतो. पर्यटकांची उंच गाडी खड्ड्यात धप्पकन उतरते आणि वर आल्यावर आणखी दोनदा डुलते. मी घरापुढच्या खळ्यात पेपर तपासत बसलेली असते आणि मान वर न करता सांगू शकते की कुणाचा शॉकअप गेलाय, कुणाच्या टायरांत हवा जास्त आहे आणि कोण नवऱ्याशी भांडून गाडी हाकतेय. चोपन्न वर्षांच्या अविवाहित बाईला असली विद्या शोभत नाही, असं माझ्या काही नातेवाइकांचं मत आहे. असो बापडं.

ही विद्या मी हौसेने शिकले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदाने ती मला शिकवली, आणि तीही कान धरून. त्याआधी मला वाटायचं, स्प्रिंग म्हणजे काय ते माझ्याइतकं मालवण तालुक्यात कुणाला कळत नाही. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. जवळजवळ तीस वर्षं दर साली फळ्यावर एक स्प्रिंग काढते, तिला खाली एक ठोकळा टांगते, आणि मुलांना सांगते की ओढा, सोडा, झोके मोजा. खडूने स्प्रिंग काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आई मासे विकते. विकत असे, म्हणायला हवं, पण ते तिच्यासमोर म्हणायची माझी टाप नाही. होडीवर जाणारे बाबा गेल्यावरही तिने बाजारातली जागा सोडली नाही. सकाळी सहाला दोन टब, त्यावर बर्फ, त्यावर गोणपाट असा सगळा संसार माझ्या छोट्या गाडीच्या मागे चढायचा. आई मागच्या सीटवर बसून टबांवरचं गोणपाट धरायची आणि मी तिला मालवणच्या बाजारात सोडून कॉलेजला जायची. गाडीला माशांचा वास येतो म्हणून मुलं हसायची. मला त्याचं काही नव्हतं. मला राग यायचा तो एकाच गोष्टीचा. बर्फाने मागची बाजू इतकी दबायची की प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासायचं, आणि तो खर्रर्र आवाज माझ्या दातांतून जायचा.

आमच्या बाजूला या दुखण्यावर एक ठरलेला उपाय आहे. मासे नेणारा जो तो मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबराचे जाड बफर बसवून घेतो. स्प्रिंग दबायला जागाच उरत नाही, गाडी ताठ उभी राहते. तारकर्लीच्या रस्त्याला बस्त्याव मेस्त्रींचं गॅरेज आहे. साठीचा शांत माणूस, रविवारी चर्चमध्ये गातो आणि बाकीचे सहा दिवस गाड्यांखाली झोपून तीच गाणी गुणगुणतो. त्याने मला नको म्हटलं होतं. “बाईनू, गाडी कडक होतली,” म्हणाला. मी त्याला स्प्रिंगेचं गणित समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, “बरां,” आणि बफर बसवून दिले. वर मी टायरांतही हवा ठासून भरून घेतली. गाडी अशी उंच दिसायला लागली की मला तिच्याकडे वळून बघावंसं वाटायचं.

नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि नव्या हंगामाचे बांगडे येऊन आठवडा झाला नसेल, तेवढ्यात आई दारातल्या पायरीवर घसरली. पायरीला शेवाळ होतं. ते खरवडायचं काम माझं होतं, हेही सांगून टाकते.

तिला कुडाळच्या दवाखान्यात नेताना मी माझ्या परीने सगळं चांगलंच केलं. मागच्या सीटवर गादी घातली, उशा लावल्या, तिला आडवं केलं. आपल्याकडे आजारी माणसाला मागेच घालतात. पुढे बसवलं तर लोक म्हणतील, आईला पाय पसरायलाही जागा दिली नाही. टब अर्थात नव्हते. गाडी रिकामी, स्प्रिंगा कडक, टायर टणक आणि रस्ता भाद्रपदाच्या तोंडावरचा. पहिल्या खड्ड्याला मागून “हूं” असा आवाज आला. दुसऱ्याला परत. मी वेग कमी केला, वाढवला, खड्डे चुकवले, रस्त्याला आणि सगळ्या दुनियेला शिव्या घातल्या. वाटेतल्या चौके गावापुढे तो आवाज थांबला. मला बरं वाटलं, म्हटलं लागला असेल डोळा. आरशात बघितलं तर तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

डॉक्टर म्हणाले, एक मणका दबलाय. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, आणि दर दहा दिवसांनी आणून दाखवा. मणका आणखी बसला आणि नसेवर आला तर पाय जातील, आणि गेलेले पाय परत यायची खात्री देता येत नाही. हे ते मला बाजूला घेऊन प्रमाण मराठीत सांगत होते आणि मी “हो डॉक्टर, हो डॉक्टर” करत होते. आमच्या घरात पाय म्हणजे काय ते त्यांना कुठून माहीत असणार? आईने बावीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन देवबाग ते मालवण चालत केलंय. तिला शाळा नाही, सही नाही. जे काय कमावलं ते त्या दोन पायांनी.

घरी आल्यावर तिला पलंगावर घेतलं. तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “माका मारूचा आसात तर घरातच मार. गाडयेत कित्याक घालतंस?” त्यात राग नव्हता. राग असता तर मी उलट बोलले असते आणि दोघींचं मन मोकळं झालं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दहा दिवस होत आले तशी चतुर्थी आली. त्या दिवसांत आमच्याकडे माणसांपेक्षा गाड्या जास्त होतात. दगडी गडग्यांच्या कडेने तेरडा फुललेला, भात पोटरीत आलेलं, बाजारात गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला बांधायच्या रानफळांचे ढीग, आणि त्या सगळ्यामधून चाकरमान्यांच्या गाड्या चिखल उडवत शिरतात. माझा मामेभाऊ प्रकाश मुंबईहून नवी उंच गाडी घेऊन आला. आईला भेटायला आला, तिची हकीकत ऐकली आणि म्हणाला, “आत्ये, माझ्या गाडयेतसून चल. पलंगार निजल्यासारख्या वाटतला.”

भाच्यासाठी आई तयार झाली. माझ्यासाठी नव्हती झाली, हे मी तेव्हा मनात धरलं.

खोटं कशाला बोलू, प्रकाशच्या गाडीत खड्डे कळतच नव्हते. माझ्या गाडीची मागची दोन चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली आहेत. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची झळ लागते. प्रकाशच्या गाडीचं प्रत्येक चाक आपापलं, एकाने काय भोगलं ते दुसऱ्याच्या कानावरही जात नाही. वर स्प्रिंगा मऊ. मी मनात म्हटलं, हेच ते, आता आईला हीच गाडी. मग धामापूरच्या आधीची वळणं सुरू झाली. गाडी डावीकडे वळली की अंग उजवीकडे जायचं, आणि सरळ झाली तरी थोडा वेळ तिकडेच रेंगाळायचं. ज्याची पाठ शाबूत आहे त्याला ते जाणवतही नाही, आपलं अंग आपसूक स्वतःला सावरतं. आईचं अंग सावरायला गेलं की मणका बोंब मारायचा. काळसे येईपर्यंत तिचा रंग उतरला. नेरूरपारच्या पुलाअलीकडे गाडी थांबवावी लागली.

उलटी झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि प्रकाशला म्हणाली, “माका जल्मात कधी होडी लागूक नाय. तुझी गाडी लागली.”

प्रकाशचं तोंड एवढंसं झालं. माझं त्याहून लहान झालं होतं, कारण आता माझ्याकडे उपायच शिल्लक नव्हता. कडक गाडीत धक्का आणि मऊ गाडीत हेलकावा. तसंच कुडाळला दाखवून परत आल्यावर आईने दोन्ही हात जोडले आणि सांगितलं की आता आपण कुठेही जाणार नाही, काय व्हायचं ते या पलंगावर होऊ दे.

पुढची तारीख दहा दिवसांवर होती. ते दहा दिवस मला अजून नीट आठवतात, एकेक करून. सकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरचा गलका ऐकू यायचा, आणि आई पलंगावरूनच आवाजाच्या अंदाजाने सांगायची की आज बांगडा आहे की तारली. मी तिचे पाय चोळायला बसले की तिला अंगठा हलवून दाखव म्हणायची. दिवसातून चार-पाच वेळा. ती हलवायची. एकदा म्हणाली, “हलतत गो, कित्या भियातंस?” मी भीत होते. आईचे पाय माझ्या गाडीमुळे जातील, माझ्या त्या उंच, देखण्या, शहाण्या गाडीमुळे. कॉलेजमध्ये नेमका तोच धडा चालू होता. फळ्यावर स्प्रिंग काढायला खडू उचलला आणि तसाच खाली ठेवला. मुलांना म्हटलं, आज वाचा तुमचे तुम्ही.

बस्त्याव मेस्त्री आईला बघायला आपणहून आले, हातात पाव आणि घरची केळी घेऊन. चतुर्थीत त्यांच्या गॅरेजसमोर मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते, तरी आले. मी त्यांना सगळं सांगितलं, बफरांचंही. मनात होतं की एकदा हा माणूस म्हणू दे, मी सांगितलं होतं. तो म्हणाला नाही. विचारलं एवढंच, “पेशंटाक खंय बसवलात?”

“मागे. झोपवून.”

“मागची सीट म्हणजे चाकाच्या डोक्यार, बाईनू. चाकाक लागता ता पयला तेका लागता. पुढे बसवा, सीट वायच कलती करून. गाडयेच्या मदी सगळ्यात कमी हलता.” मग ते मऊ-कडक याबद्दल बोलले. मऊ स्प्रिंग वाईट नाही, म्हणाले, पण तिच्यावर शॉकअप चांगला हवा. “स्प्रिंगेचा काम धक्को घेवचा. पण तिका इसरूक येना नाय, ती डोलतच ऱ्हवता. इसरूचा काम शॉकअपाचा.” बफर काढून टाकू, मागचे शॉकअप नवे घालू, हवा गाडीच्या दारावर लिहिली आहे तेवढीच ठेवू, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, आणि मीही गणित समजावलं नाही.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. आम्हाला वाटलं डोळे मिटलेत म्हणजे झोपलीय.

“बस्त्याव,” ती म्हणाली, “टेम्पो मालवणाक जाताना बरो चलता आणि येताना हाडां मोडता. तां कित्याक?”

“जाताना भरलेलो आसता, मावशे. येताना रिकामो.”

“मगे? रिकामी होडीव उडता. ह्या बायचो बापूस जाळी नसली काय तळाक रेतयेची पोती घाली. हिच्या गाडयेत घाला दोन पोती. टब होते तेवा माझी पाट कधी दुखाक नाय.”

मी तिथे उभी होते. स्प्रिंगेला टांगलेला ठोकळा जड केला की झोके सावकाश पडतात. हे मी किती वर्गांना सांगितलं असेल? किती मुलांचे मार्क कापले असतील, कारण त्यांनी सूत्रात वस्तुमान वर लिहायचं ते खाली लिहिलं? आणि ज्या गाडीत मी रोज बसते तिच्यात तोच ठोकळा आहे, कधी मासे आणि बर्फ, आणि कधी नुसती एक वाळलेली म्हातारी, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी आईचा असा अभिमान वाटला की काय करावं कळेना. मी म्हटलं, “आये, ह्यां माझ्या पुस्तकात आसा.”

“मगे वाचूक नाय तू?” ती म्हणाली.

दोन पोती रेती कुठून आणायची हा प्रश्न देवबागात कुणाला पडत नाही. दहाव्या दिवशी, मेस्त्रींचं बफर-शॉकअपचं काम झाल्यावर, ती मागच्या चाकांवर येतील अशी डिकीत ठेवली आणि हलू नयेत म्हणून दोरीने बांधली. आईला पुढे बसवलं, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी दिली. ती दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसली. मी विसाच्या वेगाने निघाले. पहिला खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली, आणि थांबली. परत डुलली नाही. मी आईकडे बघितलं.

“रस्त्याक बघ,” ती म्हणाली. चौक्यापर्यंत तिचे हात सीटवरून सुटले नव्हते. वळणांना मी कधी नव्हे तो हात हळू फिरवला. धामापूरला बघते तर तिचे हात मांडीवर होते.

अजिबात दुखलं नाही असं नाही. दोन-तीन ठिकाणी तिने ओठ आवळले. पण पदर तोंडात गेला नाही.

त्यानंतर दर दहा दिवसांनी आम्ही जात राहिलो. भाद्रपद संपला, आश्विन लागला, भात पिवळं पडत गेलं. मागून येणारे हॉर्न वाजवून, काचेतून बघून पुढे जायचे. विसाच्या वेगाने जाताना करायला काही नसतं, म्हणून आम्ही बोलायला लागलो. इतकी वर्षं एका गाडीतून जात होतो, पण तेव्हा टबांचं पाणी, बाजाराची वेळ, माझी पहिली तासिका, यातून तोंड उघडलं तर ते एकमेकींवर खेकसायला. आता ती सांगायची, पाटी घेऊन पुळणीच्या रेतीतून चालताना गुडघे आपसूक मऊ होतात, नाहीतर मान राहणार नाही. “रिकाम्या डोक्यान चललंय काय मीव उडतंय,” म्हणाली. मी तिला सांगितलं की एकदा मला लग्नाचं विचारलं होतं एकाने, कॉलेजातल्याच, आणि मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “म्हायत आसा.” कोणी सांगितलं विचारलं तर तिने समोरचा खड्डा दाखवला. पाच किलोमीटर मी त्याच विचारात होते आणि गाडी आपली चालली होती.

आता लोक मला विचारतात, गाडी घ्यायची आहे, मऊ घेऊ का कडक? मी सांगते, घरातलं सगळ्यात जास्त दुखणारं माणूस घेऊन जा, त्याला बसवा, आणि विक्रेत्याला गाडी नव्या रस्त्यावर नाही, जुन्यावर न्यायला लावा. सरळ रस्त्यावरचा मऊपणा वळणावर अंगाशी येतो, आणि वळणावर शहाणी वाटणारी कडक गाडी खड्ड्यात हाडं मोडते. मधली वाट असते, पण ती प्रत्येक घराची वेगळी. लोकांना इतकं मोठं उत्तर नको असतं. ते रंगाचं विचारायला लागतात.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, मणका जुळलाय. पट्टा हळूहळू सोडा. आता परत यायची गरज नाही. मी त्यांचे दोन्ही हात धरले, जे मी आयुष्यात कुणाचे धरले नव्हते. आई खुर्चीवरून स्वतःच्या पायांनी उठली, चालत गाडीपर्यंत आली आणि माझ्याआधी आत बसली.

परत निघालो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी वारा घ्यायला काच खाली केली, सोमवारपासून कॉलेजला काय शिकवायचं ते मनात मांडायला लागले, बाजारातली तिची जागा कुणी बळकावली असेल का, पायरीला नवी फरशी कधी बसवायची. नेरूरपारचा पूल गेला. काळसे गेलं. आई कधीची गप्प होती. मला वाटलं आनंदाने गप्प आहे.

“आये, दुखता काय?” मी विचारलं.

“नाय.”

“मगे?”

तिने बोटाने समोरचा काटा दाखवला. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण काटा कुठे असायचा ते दोन महिने ती बघत आली होती. तो पन्नासाच्या पुढे होता.

“दुखणा गेला तशी धावूक लागलंस,” ती म्हणाली. “दुखत होता तेवाच बरा होता गो. तू माझ्याकडे बोलत तरी होतंस.”

मी पाय काढला. गाडी सावकाश होत गेली, पन्नास, चाळीस, तीस. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. काटा विसावर आला तशी ती सीटला टेकली आणि तोंड माझ्याकडे वळवून बसली.

“हां,” ती म्हणाली. “आता बोल.”